जुन्या नावाची हाक

कृष्णाकाठच्या एका गावात शेवयांची यंत्रं बनवणारा एक कारखाना होता. तिथे तेजश्री नावाची एक बाई संगणकावर यंत्रांची चित्रं काढायची. चित्र बिनचूक असलं तरच यंत्र बिनचूक निघायचं.

तेजश्री हे तिचं सासरचं नाव. माहेरी ती तुळसा होती. लग्नात नवऱ्याने तबकातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि तुळसा हे नाव मागे राहिलं. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही. नाव चांगलंच होतं.

पण तिची एक मैत्रीण होती, हौसा. लहानपणी दोघी मिळून ओढ्याकाठची कवठं पाडायच्या. हौसाचं लग्न आधी झालं, ती लांब खानदेशात गेली. तुळसाचं नवं नाव तिच्यापर्यंत कधी पोचलंच नाही. पुष्कळ वर्षांनी ती कुणाकडून तरी एवढंच ऐकून आली, की तुळसा या कारखान्यात कामाला आहे. दारावर हंबीरराव बसायचे. त्यांनी वही उघडली, साठ बायकांची नावं बोट ठेवून वाचली आणि सांगितलं, "तुळसा नावाचं इथे कोणी नाही, बाई."

हौसा बराच वेळ उभी राहिली. मग हातातलं कवठ हंबीररावांच्या स्टुलावर ठेवून ती एसटीने परत गेली. त्या वेळी तुळसा आत तीस पावलांवर बसली होती.

तिला हे चार दिवसांनी कळलं, स्टुलावरचं कवठ बघून तिने हंबीररावांना विचारलं तेव्हा. हौसाचा पत्ता कोणाकडेच नव्हता, तिच्या माहेरीही आता कोणी उरलं नव्हतं. कवठ तेवढं होतं. त्याची अर्धी कवटी तेजश्रीने टेबलावर ठेवली आणि तिच्यात टाचण्या ठेवायला लागली.

दोन वर्षं गेली. एके दिवशी मालक तात्यांनी सांगितलं, की संगणकातली चित्रं एकदा नीट लावून घ्या. आधीच्या माणसाने मनाला येतील तशी नावं दिली होती. एका चित्राचं नाव 'दट्ट्या नवा', दुसऱ्याचं 'दट्ट्या खरा नवा', तिसऱ्याचं 'हाच घ्या'. त्या घोळात गेल्याच महिन्यात पीठ दाबणारे चाळीस दट्टे चुकीचे बनले होते.

या चित्रांची एक रीत असते. प्रत्येक सुट्या भागाचं वेगळं चित्र असतं, आणि सगळं यंत्र जोडलेलं एक मोठं चित्र असतं. मोठ्या चित्रात भाग नसतात, नुसती त्यांची नावं असतात. ते उघडलं की एकेकाला नावाने हाक मारतं, आणि भाग येऊन आपापल्या जागी बसतात.

काम तिच्याच खोलीत चित्रं काढणाऱ्या पोपटरावांनी अंगावर घेतलं. त्यांचा हात फार चपळ. त्यांनी एका दुपारीत जवळजवळ सगळ्या चित्रांना सुरेख नावं दिली, कप्पे पाडून त्यात ती लावून टाकली. तात्या खूश झाले. दुसऱ्या दिवशी मोठं चित्र उघडलं, तर ज्याचं नाव बदललं नव्हतं ते हँडल तेवढं अधांतरी लटकत होतं. दट्ट्या नाही, जाळी नाही, भांडं नाही. वीस वर्षांचं काम गेलं, आता सगळं पुसून नव्याने काढा, असं तात्या म्हणायला लागले.

तेजश्री पडद्याकडे बघत राहिली. दट्ट्या शेजारच्याच कप्प्यात होता, नव्या नावाने.

"तात्या, काही गेलेलं नाही," ती म्हणाली. "सगळे घरातच आहेत. हाक जुन्या नावाने येतेय, एवढंच. मला आठ दिवस द्या."

पोपटरावांनी हात लावण्याआधीच तिने सगळ्याची एक नक्कल बाजूला ठेवली होती. त्या नकलेवर तिने काम सुरू केलं. एक भाग घ्यायचा आणि त्याला कोण कोण हाक मारतं ते आधी शोधायचं. एका जाळीला चार यंत्रं हाक मारत होती. मग ती चारही चित्रं उघडायची, त्यांच्या आतूनच नाव बदलायचं, म्हणजे त्यांनाही ते कळायचं. बंद करून पुन्हा उघडायचं, जाळी जागेवर बसलेली बघायची. शेवटी चित्राच्या कोपऱ्यात 'पूर्वीचं नाव' लिहायचं. एवढं झाल्यावर दुसरा भाग.

तिसऱ्या दिवशी पोपटरावांनी टोला मारला, "वहिनी, नाव बदलताय की बारसं घालताय?"

"बारसंच आहे, भाऊजी. हाक मारणाऱ्यांना बोलावल्याशिवाय का कुठे बारसं होतं?"

 दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून पोपटरावही शेजारी बसले आणि जुनी नावं वाचून दाखवायला लागले.

आठव्या दिवशी तिने मोठं चित्र उघडलं. भांडं आलं, जाळी आली, दट्ट्या खाली उतरून अलगद बसला. तात्यांनी ते दोनदा बंद करून पुन्हा उघडायला लावलं. काय हवं ते माग, म्हणाले.

तेजश्रीने कवठाच्या कवटीकडे पाहिलं. "दारावरच्या वहीत माझ्या नावाखाली तुळसा असंही लिहून ठेवा."

हंबीररावांनी ते लाल शाईने, मोठ्या अक्षरांत लिहिलं. लिहून झाल्यावर म्हणाले, "त्या बाईंना मी जरा बसवून घ्यायला हवं होतं."

"वहीत होतं तेच तुम्ही सांगितलंत, मामा," ती म्हणाली.

हौसा अजून आलेली नाही. दुपारची एसटी फाट्यावर थांबते, तेव्हा तेजश्रीचा हात माउसवर थांबतो. दारात हंबीररावही तेवढा वेळ वही उघडून बसतात. गाडी निघून जाते. मग ती पुढचं चित्र उघडते.

तात्पर्य: नाव बदलावं, जागाही बदलावी, पण जुन्या नावाने हाक मारणाऱ्यांना आधी कळवावं. नाहीतर आपण घरातच असतो, आणि आपलं माणूस दारावरून परत जातं.