सगळ्यांच्या पानात तेच

“मग एवढं सगळं सोडून तुम्हाला मिळालं काय, आक्का?”

बाळाक्का वरी निवडत होत्या. त्यांनी सुपातून मान वर काढली नाही.

“दोन वेळचं जेवण मिळतं की.”

“तसं नव्हे. गहू नाही, रवा नाही, मैदा नाही. दूध नाही, दही नाही, तुपाचा थेंब नाही. तेही चौदा वर्षं! मोठंच व्रत असणार. त्याचं फळ काय?”

“वेळंवर भूक लागती. आणिक काय पायजे?”

मी चुलीपुढं लाकडं रचत होतो. मला हसू आलं, ते दाबलं. हाच प्रश्न मीही एकदा विचारून बसलो होतो आणि मलाही असंच वाटेला लावलं होतं.

मी एसटीत कंडक्टर होतो. रिटायर झालो, बायको गेली, आणि आजऱ्यापलीकडच्या या टेकडीवर, काजूच्या बागांमधल्या या छोट्या मठात येऊन राहिलो. त्याला अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी तुपाशिवाय वरणभात गिळताना मी मनातल्या मनात बाळाक्कांना काय काय म्हटलंय, ते इथं लिहीत नाही.

मठाची गादी आक्कांकडे. गादी कसली, चुलीपुढचा पाट! वय अठ्ठ्याहत्तर. प्रवचन नाही, कीर्तन नाही. रोज वीस-बावीस माणसांचा स्वयंपाक, तोही असा की बोटं चाटत उठावं. लोक दुरून यायचे, जेवायचे आणि काहीतरी मोठं कळल्यासारखं तोंड करून परत जायचे.

आज हा प्रश्न विचारणारा माणूस मात्र साधा नव्हता. रावसाहेब मगदूम. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत मोठं लग्न म्हटलं की आचारी हाच. पाच हजारांची पंगत एका शब्दावर उठवणारा. त्याच्या बासुंदीसाठी म्हणे लोक लग्नाची तारीख पुढं ढकलायचे.

“बरं, व्रताचं राहू द्या,” तो म्हणाला. “मला तुमची कृती हवी. गहू आणि दूध टाळून चव कशी आणता, तेवढं सांगा. माझ्या हाताला तीनशे पदार्थ येतात, हे तीनशे एकावं.”

“कुणासाठी?”

त्याचा आवाज एकदम उतरला.

“मुलगी आहे. पद्मजा. नऊ वर्षांची… गहू तिच्या आतड्याला चालत नाही, दूधही नाही. दोन वर्षं झाली. औषध एवढंच, की ते खायचं नाही. सगळं बंद केलं तरी पोरगी वाळत चाललीय. वजन सतरा किलो. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट सुधारत नाहीत, घरात कुठून तरी गहू पोटात जातोय.”

“जातोय?”

“शक्यच नाही! स्वयंपाकघर माझं आहे आक्का. तिचं पीठ घरच्या जात्यावर. तिचा तवा वेगळा, परात वेगळी, ताटाला तांबडा दोरा बांधलाय.”

“आणि ती?”

“ती जेवतच नाही हो…” त्यानं कपाळ चोळलं. “मी तांदळाची पुरी केली, हुबेहूब गव्हाची वाटावी अशी. नारळाच्या दुधाची बासुंदी केली. काजूचं श्रीखंड केलं. ती ताटाकडे बघते आणि विचारते, बाबा, यात काय नाही?”

आक्कांचा हात सुपातच थांबला.

“तू खाल्लंस?”

“काय?”

“ती पुरी. ती बासुंदी.”

“आचारी आपल्या हातचं जेवत नाही आक्का. वासानंच पोट भरतं.”

“मग घरात जेवतोस काय?”

“…चपाती. तूप लावून.”

“तिच्यासमोर?”

“छे छे! तिला वाईट वाटू नये म्हणून तिला आतल्या खोलीत बसवतो.”

आक्कांनी वरीतला एक खडा काढून बाजूला टाकला. मला त्या माणसाचा राग आला आणि कीवही आली. दोन्ही एकदम आली, काय करणार?

“पोरगी कुठं हाय?”

“खाली गाडीत. तिला पंगतीची धास्ती आहे. डबा आहे तिच्याजवळ.”

“बरं. मग तूच कर आज उसळ. चवळी शिजलीय. फोडणी दे.”

रावसाहेबाचा चेहरा उजळला. त्यानं बाह्या सरसावल्या, हात धुतले, कढई चुलीवर चढवली. खरं सांगतो, त्याचं ते वावरणं बघत राहावं असं होतं. शेंगदाण्याचं तेल तापलं, मोहरी पडली, एक दाणा बाहेर उडाला नाही. मग त्यानं खिशात हात घातला आणि चांदीची एक इवलीशी डबी काढली.

मठाच्या दारात पाटी आहे, खायची वस्तू आत आणू नये. पिशवी त्यानं बाहेर ठेवली होती. पण ती डबी त्याला वस्तू वाटतच नसावी. हातातल्या घड्याळासारखी ती त्याच्या अंगावरचीच होती.

त्यानं चिमूट उचलली, आणि आक्कांनी त्याचं मनगट धरलं.

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण तो हात हलला नाही.

“हे काय?”

“हिंग! माझ्या वडिलांपासूनचा व्यापारी आहे, त्याच्याकडचा. हा हिंग पडला की चार गल्ल्यांतली माणसं विचारायला येतात, आज रावसाहेब आलाय काय म्हणून. याच्याशिवाय माझी फोडणीच नाही आक्का. घरी, दारी, कुठंही.”

“पोरीच्या डाळीत?”

“पोरीच्या डाळीत आधी!”

“बांधलाय कशात?”

“अहो, नुसता हिंग फार जहाल, म्हणून व्यापारी तो बांधून…”

तो बोलायचा थांबला.

तेल धुरायला लागलं. मी कढई उतरवली.

“बांधलाय कशात?” आक्कांनी हळूच विचारलं.

“…कणकेत.”

हे त्याला आज कळलं असं नव्हतं. आचाऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस, लहानपणापासून त्याला ते ठाऊक होतं. गव्हाचं पीठ घालून बांधलेला हिंग! सगळ्या घराची झडती घेतली, जातं वेगळं केलं, ताटाला दोरा बांधला. फक्त स्वतःचा खिसा तपासला नाही.

तो मटकन खाली बसला.

“ती सांगायची… डाळ खाल्ली की पोटात दुखतं. रोज सांगायची. मी म्हणायचो, नाटकं करू नकोस. माझ्या डाळीनं कुणाचं पोट दुखत नाही…”

आणि तो रडायला लागला. पाच हजारांची पंगत उठवणारा तो माणूस चुलीपुढं बसून हमसून हमसून रडत होता. मी नजर दुसरीकडे वळवली. माझ्याच्यानं बघवेना.

आक्कांनी त्याची समजूत काढली नाही. साबणाची वडी पुढं केली.

“डबी भाईर ठेव. हात तीनदा धू. आणि पोरीला वर आणा.”

शेवटचं मला होतं. मी टेकडी उतरलो.

पद्मजा गाडीच्या मागच्या सीटवर बसली होती. मनगटं काडीसारखी, डोळे मोठे. स्टीलचा डबा तिनं छातीशी धरला होता. चल म्हटल्यावर मुकाट्यानं आली. पण चढावर दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा एकच विचारलं, “तिथं पंगत आहे?”

“आहे,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

आम्ही पोचलो तेव्हा पानं मांडून झाली होती. केळीची बावीस पानं, दोन ओळींत. माणसं बसत होती. पद्मजा दारातच थबकली.

“मी कुठं बसू? आत?”

आक्कांनी तिच्याकडे पाहिलं. मग चुलीमागची अंधारी खोली दाखवली.

“आत लाकडं हाईत. तिथं माणूस बसत न्हाई.”

“मग… बाजूला?”

“बाजूला जागाच ठेवली न्हाई बघ. पंगतीतच बसावं लागंल.”

पोरीनं डबा आणखी घट्ट धरला. पानांकडे पाहिलं. नाचणीची भाकरी, चवळीची उसळ ओल्या खोबऱ्यातली, लसणाची फोडणी दिलेली. तिळाची चटणी, कोकमाचं सार, आणि तांदूळ, गूळ नि नारळाच्या दुधाची खीर.

“यात काय नाही?” तिनं विचारलं.

दाराशी उभ्या रावसाहेबानं डोळे मिटले.

“मला सांगता येत न्हाई,” आक्का म्हणाल्या. “तूच जाऊन बघ. एकेकाच्या पानात बघ.”

पद्मजा निघाली. एका हातात डबा, दुसरा हात पाठीशी. पहिल्या पानापाशी वाकली. मग दुसऱ्या. कुणी हसलं नाही, कुणी जेवायला सुरुवात केली नाही. तिसरं, चौथं, पाचवं… तिला वेगळं ताट शोधायचं होतं. तांबड्या दोऱ्याचं. किंवा तूप लावलेली चपाती शोधायची होती, जी आपल्याला मिळायची नाही. ती दुसरी ओळही फिरली. शेवटचं पान रिकामं होतं, त्याच्या अलीकडचं माझं. त्यात तिनं फार वेळ पाहिलं.

“आजोबा, तुमचं पण पोट दुखतं?”

“नाही गं.”

“यांचं?”

“कुणाचंच नाही.”

“मग तुम्ही सगळे हे का जेवता?”

अकरा वर्षं मी ते जेवत होतो. व्रत म्हणून जेवलो, सवयीनं जेवलो, कधी चरफडत जेवलो. का, ते मला माहीत नव्हतं.

ती माझ्याशेजारी बसली. डबा मागं ठेवला. रावसाहेबानं तिला भाकरी वाढली.

पद्मजानं तुकडा मोडला. उसळीत बुडवला. तोंडात घातला आणि थांबली. ती पोटाचं ऐकत होती, हे मला कळलं. मग दुसरा तुकडा. मग तिसरा. मग ती भराभरा खाऊ लागली. हनुवटीवरून खीर ओघळली तरी तिला भान नव्हतं. देवाशपथ सांगतो, मी आयुष्यात पुष्कळ देवळं पाहिली, आरत्या पाहिल्या, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. एक पोर जेवत होती. बस, एवढंच होतं. आणि एकवीस माणसं हात जोडायचे तेवढे बाकी ठेवून बसली होती.

मधेच तिनं तुकडा मोडला आणि बापापुढं धरला.

“बाबा, तुम्ही पण खा. यात सगळं आहे.”

रावसाहेब तिच्यापुढं गुडघ्यावर बसला आणि त्यानं तोंड उघडलं. पुष्कळ वेळ तो चावत राहिला.

माझ्या डोक्यातून मात्र पोरीचा प्रश्न जाईना.

“आक्का,” मी म्हटलं, “आज टाळू नका. हे सगळं सुरू कुणासाठी केलंत?”

आक्का सार वाढत होत्या. त्यांनी पळी भांड्यात ठेवली.

“चौदा वर्सं झाली. भर दुपारी एक बाई आली. वाळलेली, अशीच. त्या दिवशी उत्सव हुता. चपात्या, शिरा, बासुंदी… भातसुदीक तुपात परतलेला. पानावर बसली आणि म्हणाली, आक्का, यातलं मला काय चालत न्हाई हो. मला राग आला. म्हटलं, परसादाला न्हाई म्हणतीस? दारात येऊन?”

“मग?”

“तिनं पान कपाळाला लावलं. तांब्याभर पाणी प्याली. आणि गेली.”

बाहेर काजूच्या झाडांवर वारा सुटला होता. आक्कांनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

“उपाशी गेली. माझ्या दारातनं… दुसऱ्या दिवशी सगळे डबे रिकामे केले. म्हटलं, परत येईल. आली की तिला विचारावं लागू नये.”

एका बाईसाठी… आणि ती कोण, कुठली, नावसुद्धा ठाऊक नाही. तिच्यासाठी चौदा वर्षं, दोन्ही वेळा, वीस-वीस माणसांची चूल. आणि मी तुपासाठी कुरकुरत होतो.

रावसाहेब उठून आक्कांपुढं उभा राहिला होता.

“आक्का… एवढ्या वर्षांत ती बाई एकदाही परत आली नाही?”

आक्कांनी माझ्याशेजारी पाहिलं. पद्मजाचं पान रिकामं झालं होतं. ती बोटानं उरलेली खीर पुसून घेत होती.

“आली की…” बाळाक्का म्हणाल्या. “वाढ तिला.”