दिवेलागणीचा भैरव

विषय: सकाळ मिळण्याबाबत.
संदर्भ: राजगायकाचा अर्ज. अर्जाची पार्श्वभूमी पुढीलप्रमाणे आहे.

फार पूर्वी एका राज्यात घड्याळे नव्हती, पण एक गवई होता. रोज पहाटे तो नगारखान्यात बसून भैरव गायचा. सूर कानावर आला की लोक उठून कामाला लागायचे. सूर्यही साधारण त्याच सुमारास उगवायचा. त्यामुळे सूर्य गवयामुळेच उगवतो असा दरबाराचा समज होता. गवयाने तो कधी खोडून काढला नाही.

त्याच्या म्हाताऱ्या आईचे एक व्रत होते. सूर्य पाहिल्याशिवाय ती अन्नाला शिवत नसे. ढगाळ दिवशी उपाशीच राही.

राजाने राज्याभोवती तट बांधायला काढला होता. शत्रू कोण, हे नंतर ठरणार होते. पण लोक दिवस मावळला की घरी जात आणि काम अडे. प्रधान म्हणाला, "महाराज, लोक हुकमाला कुरकुरतात. भैरवाला कुरकुरत नाहीत."

राजाने गवयाला बोलावले. "बुवा, उद्यापासून दिवेलागणीलाही भैरव होऊ द्या."

"महाराज, भैरव पहाटेचा. अवेळी गायचा नाही, असं गुरूंनी बजावलंय."

"कुठे असतात गुरू?"

"वारले."

"मग हरकत कोण घेणार? राजगायकाचं पद रिकामं आहे. सोबत पालखीही आहे."

गवयाने घरी येऊन आईला सांगितले.

"नाही म्हण," आई म्हणाली.

"मग दुसऱ्याला बसवतील."

"बसवू देत. त्याचं पाप त्याला."

"पालखी देतायत, आई."

"पालखीत बसून जाणार कुठे? नगारखाना समोर तर आहे!"

दुसऱ्या संध्याकाळी गवई पालखीतून समोर गेला आणि त्याने भैरव लावला.

जेवायला बसलेले लोक भरल्या ताटावरून उठले. बायकांनी अंगणात पुन्हा सडा घातला. तळ्यात मिटलेली कमळे उघडली. सगळे मुकाट्याने तटाकडे चालू लागले. डोळे उघडे होते, पण पापणी कोणाचीच लवत नव्हती. मशालींच्या उजेडात गवयाने खाली पाहिले. माणसे जात होती, सावल्या जात नव्हत्या. तरी त्याने गाणे पुरे केले.

असे महिनाभर चालले. तट पूर्ण झाला.

त्यानंतरच्या पहाटे गवयाने नेहमीसारखा भैरव लावला. कोंबडा आरवला नाही. पूर्व राखाडी झाली आणि तशीच राहिली. त्याने पुन्हा गायला, मग पुन्हा. शेजारीण बाहेर आली, तुळशीपाशी सांजवात लावून आत गेली.

आई अंगणात पूर्वेकडे तोंड करून बसली होती.

"आई, दोन घास खा. दरबाराने सकाळ जाहीर केलीय."

"दरबाराला दिसली असेल. मला नाही दिसली."

अंदाजे तिसऱ्या दिवशी गवई अर्ज घेऊन दरबारात गेला. कारकुनाने वही चाळली.

"बुवा, महिनाभर रोज दोन सकाळी दिल्याची नोंद आहे. तुमच्या घरी तीस जादाच गेल्यात."

"अहो, आई उपाशी आहे माझी!"

"व्रत ही खाजगी बाब. पण अर्ज रीतसर आहे, तेव्हा संबंधित खात्याकडे पाठवतो."

"ते कोणाकडे आहे?"

"सकाळचं खातं? राजगायकाकडे."

त्याप्रमाणे अर्ज अभिप्रायासाठी राजगायकाच्या घरी आला आहे. तो रोज उघडून वाचतो. काय लिहावे हे त्याला सुचलेले नाही. आईने कालपासून पाणीही सोडले आहे. पूर्व राखाडी आहे. अर्ज प्रलंबित आहे.

तात्पर्य, अर्ज निकाली निघेपर्यंत तरी, एवढेच: जी विद्या राजाच्या सोयीसाठी एकदा खोटी केली, ती आपल्या गरजेला खरी होत नाही.