मशीनला लागलेली समाधी

“पण बाबा, दारं उघडी टाकायची आणि घाण आत आली म्हणून रडायचं, हा कुठला न्याय?”

श्रीरंग तावातावाने विचारत होता. शहरातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून तो कृष्णाकाठच्या मठात राहायला आला होता. नोकरी सुटली, ऐट मात्र सोबत आली होती.

सदानंदबाबा शेंगा सोलत बसले होते. “अरे, पण झालं तरी काय?”

झालं होतं ते असं. कुणा भक्ताने फोटो दाखवायला मठाच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला आणि त्यातून व्हायरस शिरला. श्रीरंगाने तो साफ केला. तेवढ्यावर थांबेल तो श्रीरंग कसला! पठ्ठ्या थेट बायोसमध्ये गेला. मशीन जागं होताना सगळ्यात आधी ज्या सेटिंग वाचतं, त्यांची जागा म्हणजे बायोस. बाबा रोज प्रवचनात सांगायचे, इंद्रियांची दारं आवरा. याने मशीनची आवरली. यूएसबी बंद, नेटवर्क बंद, प्रिंटरचं पोर्ट बंद. वर पासवर्ड ठोकला.

“आता बाहेरचं काही म्हणता काही आत येणार नाही,” तो म्हणाला. “मशीन अगदी समाधीत आहे, बाबा.”

“वा! ... मग मालनची पानं काढून दे त्यातून.”

मालन दाराशीच उभी होती. जन्मापासून आंधळी, पण आवाज असा की ऐकणाऱ्याने हातातलं काम विसरावं. आजवर कुणीतरी वाचून दाखवायचं आणि ती पाठ करायची. आज दुपारी, उत्सवात, सगळ्या गावासमोर ती पहिल्यांदा स्वतः वाचून नवं पद गाणार होती. मठाकडे ब्रेलचा जुना प्रिंटर होता आणि पद त्या मशीनमध्ये होतं.

“होईल ना हो, दादा?” तिने विचारलं. “आईला सांगून आलेय मी, आज मला कुणी वाचून दाखवायचं नाही म्हणून.”

“अगं, पोर्ट उघडलं की झालं. चुटकीसरशी!”

श्रीरंगाने मशीन चालू केलं. कीबोर्डचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं...

आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कीबोर्डही यूएसबीचाच! सेटिंग उघडायला बटणं दाबायला हवीत, आणि बटणांची वाट यानेच बुजवलेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काही उगीच नाही.

“काय रे?”

“ते... आता माझंही ऐकत नाही, बाबा.”

बाबा असे हसले की मांडीवरच्या शेंगा खोलीभर झाल्या. “खरंच लागली की रे समाधी!”

मालनचा चेहरा मात्र उतरला.

“एक उपाय आहे,” श्रीरंग हळूच म्हणाला. “आत एक बारका सेल असतो. तो थोडा वेळ काढून ठेवला की मशीन सगळ्या सेटिंग विसरतं. पण मग मी केलेलं सगळंच जाईल. किती डोकं चालवलंय मी त्यात!”

“विसरल्यावर कसं होईल ते?” बाबांनी विचारलं.

“कारखान्यातून आलं तसं.”

आतून स्क्रू-ड्रायव्हर आणून बाबांनी श्रीरंगाच्या हातावर ठेवला...

सेल निघाला. थोड्या वेळाने परत बसला. कीबोर्डचे दिवे लागले आणि प्रिंटर खडखडायला लागला. मालनने पान ओढूनच घेतलं. तिची बोटं पहिल्या ओळीवर अडखळली, मागे आली, मग सुसाट निघाली.

“अगं बाई! दिसतंय की मला!”

दुपारी मंडप भरला. मालन पानावर बोटं ठेवून गात होती. तिची आई पुढेच बसून हसतही होती आणि रडतही होती. टाळकरी तर नाचायलाच लागले.

आणि आमचे श्रीरंगराव कुठे? शेजारच्या खोलीत, पुन्हा बायोस उघडून दारं बंद करत बसलेले!

बाबा पाऊल न वाजवता मागे गेले आणि त्यांनी त्याचे दोन्ही कान तळहातांनी गच्च दाबले.

“अहो बाबा, हे काय! हात काढा! तिचं पद चाललंय, मला काही ऐकू येईना!”

बाबा सोडेनात. श्रीरंगाने मान हलवून पाहिली, धडपड केली, शेवटी त्यालाच हसू फुटलं.

बाबांनी एका कानावरचा हात थोडा सैल केला...

“आता कसलीच भीती नाही ना, बाळा?”