घट्ट बोल्ट

लोखंड आणि रबर एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. सौर पॅनेल बसवायला मिस्त्रीने एका घराच्या पत्र्याला भोकं पाडली आणि प्रत्येक बोल्टखाली रबराचा वायसर घातला. त्यातल्या एका बोल्टला आपल्या ताकदीचा भारी तोरा होता.

"दादा, पुरे आता," त्याच्याखालचा वायसर कळवळला. "आणखी आवळलंस तर मी फाटेन."

"गप्प बस. पॅनेल मी धरलंय, तू नाही!" म्हणत बोल्टने आणखी एक पीळ घेतला. खाली काहीतरी टरकन फाटलं.

वायसरची कुरकुर थांबली. बोल्टला बरं वाटलं. पण श्रावणातल्या एका दुपारी, सर येऊन गेल्यावर, भोकातून आवाज आला. वायसरसारखाच, फक्त ओला. "दादा, घट्ट आहेस ना?"

"आहे की!"

मग प्रत्येक सरीनंतर तो आवाज येऊ लागला, दर वेळी थोडा जास्त आतून. फाटलेल्या वायसरच्या चिरेतून पाणी बोलतंय, हे बोल्टला वरून दिसत नव्हतं. अंगाला चढणारा गंजही दिसत नव्हता.

"दादा, घट्ट आहेस ना?" एके दिवशी पाण्याने पुन्हा विचारलं.

"आहे," बोल्ट म्हणाला.

त्याचं डोकं वर पत्र्यावरच होतं. त्याचा आवाज मात्र खाली, घरातल्या फरशीवरून आला; गंजून तुटलेलं त्याचं धड तिथे पडलं होतं.