घोडेस्वाराला प्रदक्षिणा

कुडाळच्या इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका वत्सलाबाई सामंत लेकीच्या बाळंतपणासाठी लिस्बनला उतरल्या. डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन टॅक्सीत बसल्या.

"इथले रस्ते माझ्याएवढे कुणालाच ठाऊक नाहीत," टॅक्सीवाला ऐटीत म्हणाला.

चौकातल्या दगडी घोडेस्वारापुढून टॅक्सी तिसऱ्यांदा गेली, तेव्हा बाईंनी तिसऱ्यांदा हात जोडले.

"त्याला नमस्कार कशाला?"

"आमच्याकडे देवाभोवती असेच फेरे घालतात, प्रदक्षिणा म्हणतात. तुम्ही घालताय, म्हटलं देवच असेल. फक्त, आमच्याकडे प्रदक्षिणेचं भाडं घेत नाहीत."

टॅक्सीवाला ओशाळून हसला आणि त्याने मीटर बंद केला. लेकीचं घर पुढच्याच गल्लीत निघालं.

उतरताना बाईंनी त्याच्या हातावर लाडू ठेवला. "घ्या. प्रदक्षिणा झाली की प्रसाद घ्यायचा असतो."