लपवलेली ओळ

एका गावात एक बँडमास्तर राहत. गाव कऱ्हाडच्या अलीकडे की पलीकडे, हे आता खात्रीनं सांगवत नाही. भांडण मात्र पक्कं आठवतं.

धोंडीराममास्तर लष्कराच्या बँडातून निवृत्त झालेले. त्यांची सून कुंदा संगणकावर बँडाचं नोटेशन टाइप करी. तिनं शब्द टाइप केले, की कागदावर प्रत्येक वाद्याची सुरांची ओळ उमटे.

एका वरातीत मास्तरांचा जुना मित्र अमीन यानं क्लॅरिनेटवर अशी तान घेतली, की घोडी बिथरली.

"तुझ्या पिपाणीनं नवरदेव उकिरड्यात पडला!" मास्तर गरजले.

"त्यालाच विचार. सुटलो म्हणेल," अमीन म्हणाला.

वऱ्हाड हसलं. मास्तरांना ते झोंबलं. ते नको ते बोलून गेले आणि अमीन क्लॅरिनेट काखेत मारून निघून गेला.

"कुंदा, अमीनची ओळ पुसून टाक," घरी येताच मास्तर म्हणाले.

कुंदाचा हात अडला. अमीनचाचांनी शेजारी बसून, वाजवून वाजवून ती ओळ तिला उतरवून दिली होती. पुसली की गेली. तिनं ओळ पुसली नाही. त्या ओळीच्या आधी सूर लपवण्याची आज्ञा तेवढी टाइप केली. सूर दिसेनासे झाले, जागा तशीच राहिली.

जत्रेच्या तालमीला मास्तरांनी कागद हाती घेतला. कॉर्नेट आणि ढोल यांच्या ओळींमध्ये कोरा पट्टा.

"ही जागा का सोडलीस?"

"ओळ लपवलीय, तात्या. पुसायला काय, उद्याही पुसता येईल."

मास्तर पुटपुटले आणि त्यांनी ताल देण्याची काठी उचलली. पण तानेची जागा आली, की काठी सवयीनं रिकाम्या खुर्चीकडे वळे आणि सारा बँड तिथं लंगडे. शेवटी त्यांनी काठी ठेवली आणि कागद घेऊन अमीनचं दार गाठलं.

"बघ, अजून जागा अडवून बसलायस."

अमीननं कागद उलटसुलट केला. "कोरीच आहे की! काय वाजवू, उकिरडा?"

"घरी चल. पोरगी दाखवील."

कुंदानं ओळ उघड केली. सगळे सूर परत आले; ती भांडखोर तानसुद्धा. मास्तरांनी त्या तानेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "घोडी असली, की जरा हळू वाजव."

पुढे कित्येक वर्षांनी मी कुंदाकडची ती फाइल उघडून खात्री करून घेतली. लपवण्याची आज्ञा कुंदानं पुसलेलीच नव्हती. संगणकानं ती वाचू नये म्हणून तिच्या आधी फक्त टक्क्याचं चिन्ह टाकलं होतं; ते काढलं, की ओळ पुन्हा लपली असती. "असू दे," ती हसून म्हणाली, "या दोघांचा काय भरवसा?"

तात्पर्य: राग आला तर माणसाला घटकाभर नजरेआड करावं, त्याची जागा मात्र पुसू नये.