काटजाईच्या झाडाची घोंगडी

जांभेमाचीवर काटजाईच्या देवळासमोर पुरुषभर उंचीचं एक काटेरी झाड आहे. चैत्रात ते पांढऱ्या फुलांनी भरतं, थंडीच्या तोंडाशी तांबडी फळं धरतं. पौषात इथलं दव गोठून गवत पांढरं होतं, तरी या झाडावर कुणी साधं फडकंही टाकत नाही. पाहुण्यांना गाव निष्ठुर वाटतं. तसं नाही.

असं सांगतात, की बदरीनाथाहून आलेल्या एका गोसाव्यानं हे रोप ठकू धनगरणीच्या हवाली केलं. त्याच महिन्यात तिची लेक येसू बाळंतवेणांत दोन दिवस अडली. ठकूनं देवीपुढे पदर पसरला. "माझी पोर मोकळी होऊ दे, या झाडाच्या फुलांनी तुझी वटी भरीन." येसू सुटली, नात झाली. आता नवस फेडायचा, तर झाड फुलायला हवं. ते काही फुलेना.

सात वर्षं ठकूनं त्याला शेणखत घातलं, शेळ्यांपासून जपलं, आणि दर हिवाळ्यात घरातली एकुलती एक जाड घोंगडी त्याला गुंडाळली. गाव थट्टा करी, "ठकूबाय, आता झाडाला काढाबी पाज." तिनं तोही पाजला म्हणे. पण नातीकडे पाहिलं की तिच्या मनात यायचं, नवस राहिला म्हणून देवीनं दिलेलं परत नेलं तर?

आठव्या पौषात नात काशी तापानं फणफणली. हुडहुडी थांबेना. ठकू तडक देवळाशी गेली आणि तिनं झाडाची घोंगडी ओढून काढली. "आई, झाड मेलं तर मला ने. पोरीला हात लावू नगंस."

पंधरा दिवस घोंगडी काशीच्या अंगावर राहिली आणि झाड हिवात उघडं. काशी बरी झाली. झाडाकडे बघायचा मात्र ठकूला धीर होईना.

चैत्रात काशीच पळत आली. "आजे, झाडावर भात सांडलाय."

ठकूनं जाऊन पाहिलं आणि ती पोटभर रडली. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं. त्याच दिवशी तिनं देवीची ओटी भरली. पुढे गोसावी फिरून आला, तेव्हा हसत म्हणाला, "माई, हे बर्फातलं झाड. थंडी लागल्याशिवाय फुलतच नाही."

"मग देवीनं आधी सांगायचं की," ठकू म्हणाली म्हणे.

आजही पौषी पौर्णिमेला, वर्षभरात जन्मलेल्या बाळाची आजी नवी घोंगडी झाडाला नुसती टेकवते आणि लगेच काढून बाळाला पांघरते.